मुद्देमाल क्रमांक एक

गेल्या रविवारी मी घरच्या ग्रुपवर एका सुरीचा फोटो टाकला. सुरी मी स्वतः केलेली आहे. विकत आणून धार लावलेली नव्हे, पोलादाच्या पट्टीपासून केलेली. आजपर्यंत चोवीस जणांनी त्यावर काही ना काही लिहिलं आणि चोविसांतल्या एकानेही 'सुरी' हा शब्द वापरलेला नाही.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथल्या हिवाळ्यात काही लोक भजनी मंडळात शिरतात, मी गॅरेजमध्ये शिरलो. 1084 नावाच्या पोलादाची पट्टी आणली, कानशीने घासून पात्याचा आकार दिला, लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत लाल केली आणि तेलात बुडवली. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी पाजतो. मी कॅनोला पाजलं, तेही बायकोने चकल्यांसाठी आणलेलं. मग तिच्याच ओव्हनमध्ये 400 फॅरनहाइटला दोन-दोन तास, दोनदा. तो आठवडा आमच्याकडे फारसं कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण पातं असं कडक झालं की त्यावरून कानस नुसती घसरत होती. मुठीसाठी शेजाऱ्याने त्याच्या रानात सापडलेलं पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं शिंग दिलं. इथवर सगळं ठीक होतं.

मग सासरे आले. अण्णा वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालेले, बरीचशी नोकरी मेळघाटात. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले, आणि पहिले तीन महिने त्यांनी डेकवर बसून शेजाऱ्यांच्या खारी मोजल्या. एका सकाळी ते स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गॅरेजमध्ये गेले आणि दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर आले. हातात शिंग होतं. धरलं होतं मात्र रुमालाने.

"जावईबापू, हे काय आहे?"

"शिंग आहे, अण्णा. मुठीसाठी."

"कुणाचं?"

"माझंच."

त्यांनी माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं. "प्राणी कोणता, असं विचारतोय."

"हरीण. शेजाऱ्याने दिलं."

"शेजाऱ्याला कुणी दिलं?"

"हरणाने."

"लेखी आहे काही?"

मी हसलो. तिथे चुकलं. वनखात्यातल्या माणसासमोर हसलं की त्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय.

"वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972. कलम 39," अण्णा म्हणाले. "वन्य प्राणी सरकारचा. त्याचं शिंगसुद्धा सरकारचं. रानात आपोआप गळून पडलं तरी उचलून घरी आणायचं नाही."

"अण्णा, इथलं सरकार वेगळं आहे."

"सरकार बदललं म्हणून पंचनामा करायचा नाही, असं कुठे आहे?"

आणि त्यांनी खरोखर पंचनामा केला. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली. लांबी 38 सेंटिमीटर, टोकं चार. शिंगाचा बुडखा उलटा करून माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. फुगीर आहे आणि खरबरीत. म्हणजे गळालेलंच. कापलेलं असतं तर सपाट निघालं असतं, करवतीच्या खुणा दिसल्या असत्या. सुटलात." मग टोकाजवळच्या बारीक चऱ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "हे कुणी कुरतडलं?"

"खारी असतील."

"आमच्याकडे साळिंदर कुरतडतं. कॅल्शियमसाठी." एवढं बोलून ते जरा वेळ गप्प झाले आणि मला उगाचच वाटलं, आपण इतका वेळ चेष्टा करत होतो ते बरं नव्हतं. तेवढ्यात त्यांनी माझी शाळा घेतली. गाईम्हशीचं शिंग पोकळ आणि जन्माचं, हरणाचं म्हणजे भरीव हाड, दरवर्षी गळतं आणि दरवर्षी नवं येतं. गळतं ते सारंग, गळत नाही ते कुरंग. काळविटाला हरीण म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. शेफील्डचे कारागीर सुऱ्यांना सांबरशिंगाच्या मुठी लावायचे, ती शिंगं आपल्याकडून जायची. "साहेब मटण कापायचा, मूठ आमची." चहा गार झाला.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. बायको म्हणाली, माझी मीटिंग आहे. सासूबाईंनी चष्माही न काढता सांगितलं, "अहो, पोरगं खेळतंय तर खेळू द्या की."

पोरगं चव्वेचाळीस वर्षांचं आहे. त्याच्या डाव्या अंगठ्याला त्या खेळापायी तीन टाके पडलेत.

मूठ बसवायचं काम त्यांच्या देखरेखीखालीच झालं. शिंगाला भोक पाडताना दाताच्या दवाखान्यासारखा वास सुटतो, हाडच ते. सासूबाईंनी गॅरेजच्या दारात उदबत्ती लावली. आतला गाभा टोस्टासारखा भुसभुशीत, त्यात पात्याचं शेपूट खुपसून इपॉक्सी भरली. वर पातं 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने चार संध्याकाळी घासून आरशासारखं केलं. खंडेनवमीला देवापुढे ठेवायला गेलो तर अण्णा म्हणाले, "मुद्देमालाची पूजा करत नाहीत." शेवटी पूजा माझ्या लॅपटॉपची झाली.

आता फोटो. ज्यांनी चकचकीत पात्याचा फोटो काढलेला नाही त्यांना सांगतो, पात्याचा फोटो निघतच नाही. पात्यात जे दिसतं त्याचा निघतो. आभाळ, गटाराचा पाइप, आपलं पोट. मी चकाकी मारायला एक महागडा फिल्टर आणला. पाण्यावरची, काचेवरची चकाकी त्याने जाते, धातूवरची जात नाही, हे मला त्याचं खोकं फोडल्यावर कळलं, आणि फोडलेला माल दुकान परत घेत नाही. मग ढगाळ दिवस गाठला, अंगणात ओंडक्यावर मेपलची लाल पानं पसरली, सुरी ठेवली आणि पात्यात नुसतं पांढरं दिसावं म्हणून समोर पांढरी चादर धरायला अण्णांना उभं केलं.

"पुराव्याचा फोटो असा काढत नाहीत," चादरीमागून आवाज आला. "शेजारी पट्टी ठेवा. आकार कळला पाहिजे."

"अण्णा, हा पुरावा नाही."

"मग काय आहे?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. मी निमूटपणे अडुसष्ट फोटो काढले. अण्णा मधूनमधून चादर खाली करून बघत होते, हे मला कळलं नाही. आणि एकसष्टाव्या फोटोत शिंगाची प्रत्येक रेघ इतकी सुंदर आली होती की मी तोच पाठवला.

पहिला मेसेज पुण्याच्या आत्याचा. "अण्णांची तब्येत सुधारली हो अमेरिकेत!" मग मेव्हण्याचा: "माकडटोपी तीच का, चिखलदऱ्याची?" पातं मोठं करून पाहिलं. मधोमध अण्णा. टोकाकडे जरा लांबलेले, पण ओळखू येतील इतके स्वच्छ, आणि अगदी समाधानी. मग रांगच लागली. अण्णा बारीक झाले, अण्णांना गार लागतंय, अण्णांना नमस्कार सांगा. माझ्या आईने तेवढं विचारलं, "इंजिनिअरिंग करून हे काय काढलंयस? आपल्या मंडईत दीडशेला मिळते." चुलतभावाच्या बायकोने त्याच दिवशी पाकिटातला ढोकळा वाफवून टाकला होता. त्याला "वा! घरी केला?" असे सतरा.

एका भाच्याने शंका काढली, शिंग कायदेशीर आहे ना? त्याला अण्णांनी परस्पर उत्तर दिलं: "पंचनामा केलेला आहे."

बुधवारी सासूबाईंनी त्या सुरीने लिंबं कापली आणि ती रात्रभर सिंकमध्ये राहिली. सकाळी पात्यावर काळेनिळे ढग उमटले होते. हे पोलाद स्टेनलेस नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. मी सुरी हातात धरून उभा राहिलो. बायकोने लहान मुलाला देतात तसा मला आयता चहा दिला.

अण्णांनी चष्मा लावला, सुरी घेतली आणि पातं खिडकीकडे तिरपं करून बराच वेळ पाहिलं.

"आता काढा," ते म्हणाले. "आता मी दिसत नाही. थांबा, पट्टी आणतो."