पाचगणीत पहिल्यांदा उडताय? आधी वारा बघा

पाचगणीला पहिल्यांदाच पॅराग्लायडिंग करायला येणाऱ्याला भीती वाटते ती उंचीची. कड्यावर उभं राहून खाली धोम धरणाचं पाणी आणि वाईकडची शेतं दिसली की पोटात गोळा येतो. तो येणारच. पण या खेळात जे बिघडतं ते बहुतेक वेळा जमिनीजवळच बिघडतं: उड्डाणाच्या पहिल्या दहा-पंधरा पावलांत, नाहीतर उतरतानाच्या शेवटच्या काही मीटरांत. वर दोनशे मीटरवर पायलटच्या हाताशी वेळ असतो. विंगची, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाची, एक बाजू दुमडली तरी ती पुन्हा उघडायला जागा असते, आणि अगदीच गरज पडली तर रिझर्व्ह, म्हणजे जादाचं पॅराशूट फेकता येतं. जमिनीपासून पंधरा मीटरवर यातलं काहीच हाताशी उरत नाही.

म्हणून मला विचाराल तर इथला सगळ्यात मोठा धोका म्हणजे पर्यटकाचं वेळापत्रक. शनिवारी पहाटे पुणं सोडायचं, पसरणी घाट चढून दहाला उडायचं, बाराला टेबललँड, जेवण उरकून महाबळेश्वर. यात वाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. मग "पैसे भरलेत, इतक्या लांबनं आलोय, उडवा की" असा लकडा सुरू होतो. दहा पायलट ठाम राहतील, एखादा ऐकेल. जो ऐकेल त्याच्या पुढ्यात बांधलेले असाल तुम्ही.

हवा तो वारा कसा? दरीतून चढ धरून थेट समोर येणारा, ताशी साधारण १० ते २० किलोमीटरचा. दोन माणसं उचलायला विंगला हवेतून ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. समोरून १५ चा वारा असेल तर उरलेले १० तुम्ही दोघांनी पळून भरायचे, म्हणजे थोडी दुडकी धाव. वारा पडलेला असेल तर सगळे २५ पळून काढायचे, तेही उतारावर आणि एकमेकांना अडकवलेले असताना. पाठीमागून ५ चा वारा असला तर तोच हिशेब ३० वर जातो, तेव्हा तिथं विषय संपतो. जास्त वाऱ्यातही चालत नाही. टँडम, म्हणजे पायलट आणि प्रवासी दोघांना उचलणाऱ्या, विंगचा हवेतला नेहमीचा वेग ३६ ते ४० च्या घरात असतो. वारा ३० च्या पुढं गेला की विंग जागच्या जागी लटकल्यासारखी होते आणि मागं, कड्याच्या आतल्या बाजूला ढकलली जाऊ शकते. कडा ओलांडून गेलेली हवा पलीकडं भोवरे करत खाली कोसळते. त्या हवेत विंग सावरणं मुरलेल्या पायलटलाही जड जातं.

वाऱ्याचा आकडा मोबाईलवर दिसतो, पण झोत दिसत नाहीत. त्यासाठी उड्डाणाच्या जागेवर बांबूला बांधलेली फीत किंवा विंडसॉक (वाऱ्यानं फुगणारी कापडी नळी) पाच मिनिटं नुसता बघत उभं राहा. फीत एकाच कोनात फडफडत राहिली तर ठीक. घटकेत ताठ, घटकेत लोंबणारी, मध्येच गिरकी घेणारी फीत दिसली तर तासभर थांबायला लागलं तरी थांबा. इथं कधी हॅरिसन फॉली, कधी खिंगर, कधी भिलारकडची बाजू अशा जागा बदलतात, त्याचं कारणही वाऱ्याची दिशा हेच आहे. ठरलेली जागा ऐनवेळी बदलली म्हणून चिडू नका. तो पायलट त्याचं काम नीट करतोय.

हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. पहिल्यांदा उडणाऱ्यानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडावा, वेळ सकाळी अकराच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर. मार्चपासून इथला काळा-तांबडा कातळ दुपारी असा तापतो की गरम हवा झोतानं वर सुटते. मुरलेले सोलो पायलट त्याच हवेसाठी येतात. नवख्याला मात्र तिथं नुसते हिसके बसतात आणि मळमळतं.

आता सामान. विंगला आतून ताठ सांगाडा नाही. नायलॉनचे दोन थर, मध्ये पडदे, पुढून उघडे असलेले कप्पे. त्यांत हवा भरून दाब तयार होतो आणि त्या दाबावरच सगळा आकार उभा राहतो. टँडम विंग साधारण ३८ ते ४२ चौरस मीटरची असते. उन्हानं हे कापड मरतं. डोळ्याला धड दिसलं तरी त्यातून हवा झिरपायला लागते आणि विंग डोक्यावर यायला आळस करते. कापड फिकं पडलंय का, ठिगळं किती आहेत, दोऱ्यांचं वरचं आवरण कुठं सोलपटलंय का, हे साध्या माणसालाही दिसतं. विंगची तपासणी शेवटची कधी झाली आणि रिझर्व्ह शेवटचं उघडून पुन्हा घडी कधी घातली, हे दोन प्रश्न बिनधास्त विचारा. रिझर्व्ह वर्षातून एकदा तरी नव्यानं घडी घालावंच लागतं, नाहीतर ते वेळेवर उघडेल याची खात्री नाही. नीट काम करणारा माणूस तारीख सांगतो. "काही होत नाही ओ" हे उत्तर मिळालं तर सरळ गाडीत बसा.

सगळ्यात महत्त्वाचे आहेत पायांचे पट्टे. हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या सीटला, दोन मांड्यांचे दोन आणि छातीचा एक असे पट्टे असतात. छातीचा लावला आणि मांड्यांचे राहिले, तर जमिनीवर काहीच कळत नाही, कारण हार्नेस खांद्यावर व्यवस्थित बसलेला असतो. पाय सुटले की सगळं वजन खाली येतं आणि माणूस हार्नेसमधून खाली घसरतो. इतकं भयंकर आणि इतकं टाळता येण्याजोगं दुसरं काही या खेळात नाही. काही नव्या हार्नेसमध्ये मांड्यांचे पट्टे न लावता छातीचा लागतच नाही अशी सोय असते, पण तुमच्या वाट्याला तोच येईल असं नाही. म्हणून प्रत्येक बकल 'खट्' वाजलं की पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघायचा. डावी मांडी, उजवी मांडी, छाती, मग तुमच्या दोन बाजूंचे दोन कॅराबिनर, म्हणजे हार्नेस अडकवायच्या धातूच्या कड्या. त्यांचं तोंड बंद आणि लॉक फिरवलेलं हवं. शेवटी हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा: खाली दोन बोटं जातील इतकाच सैल.

चूक बहुतेक वेळा मध्येच झालेल्या व्यत्ययानं होते. पट्टे लावता लावता कुणाचा फोन येतो, वारा पडतो म्हणून दहा मिनिटं थांबतात, तुम्ही जाकीट काढायला हार्नेस सैल करता. असं काहीही झालं की सगळं पहिल्यापासून तपासायचं. "दादा, पायाचे दोन्ही पट्टे बघा की एकदा," एवढं म्हणायला लाजू नका. चांगला पायलट याचा राग धरत नाही.

धाव ही एकच गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पायलट मागं, तुम्ही पुढं. विंग वर यायला लागली की मागं जोराचा ओढा बसतो. नवखा माणूस इथंच थबकतो किंवा मागं कलतो. तुम्ही उलट छाती पुढं टाकून ओढायचं. "पळा" म्हटलं की लांब टांगा टाकत पळायचं आणि पाय हवेत गेले तरी पळत राहायचं. उडी मारायची नाही आणि बसायचं तर मुळीच नाही. पाय सुटल्यासारखे वाटले की हार्नेसमध्ये बसावंसं वाटतं, पण त्या क्षणी विंगनं पूर्ण वजन पेललेलं नसतं. तुम्ही बसलात की तुमचा भार पायलटच्या पायांवर येतो, वेग मरतो आणि दोघंही दगडांवरून फरफटत जातात. "आता बसा" असं ऐकू येईपर्यंत तुम्ही पळणारा माणूस आहात. हात खांद्याच्या पट्ट्यांवर. डोक्याजवळ दिसणाऱ्या दोऱ्या आणि ब्रेकच्या मुठी या पायलटच्या, त्यांना हात लावायचा नाही.

हवेतल्या मिनिटांवरून इथं फार भांडणं होतात. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, खाली वाई ७०० च्या आसपास. शांत हवेत टँडम सेकंदाला साधारण १.२ मीटर खाली येतं. म्हणजे यातले ५०० मीटर उतरायला सात मिनिटं लागतात, पायलट कितीही तरबेज असला तरी. पंधरा-वीस मिनिटं उडायचं तर कड्याला आपटून वर चढणारी हवा लागते, जिच्यात विंग कड्याच्या समांतर येरझाऱ्या घालत तरंगते. ती हवा नसेल तर सात मिनिटांत खाली येणं हे प्रामाणिक उड्डाण आहे. फसवणूक असते ती पैसे घेताना मिनिटांची हमी देण्यात.

वर गेल्यावर "थोडं थ्रिल देऊ का?" असं विचारलं जाईल. पहिल्या खेपेला नाही म्हणा. जोराच्या गिरक्यांमध्ये अंगावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येतो, डोळ्यांपुढं अंधारी येऊ शकते. मळमळ सुरू झाली तर लगेच सांगा, लांब कमळगडाच्या रेषेवर नजर ठेवा, आणि पायलटला सरळ उडू द्या. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि वाडगाभर स्ट्रॉबेरी क्रीम खाऊनही जाऊ नका.

उतरण्याचे दोन प्रकार आहेत. वारा असेल तर उभ्यानं: सांगितलं की सीटमधून पुढं सरकायचं, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, जमीन लागली की चार पावलं पळायचं. वारा नसेल तर पायलट "पाय वर" म्हणतो, मग पाय पुढं ताठ उचलून हार्नेसच्या बुडावर घसरत थांबायचं. यातलं कुठलं करायचं ते निघण्याआधीच विचारून घ्या. अर्धवट उभं, अर्धवट बसलेलं असताना जमीन लागली की घोटा नाहीतर माकडहाड दुखावतं. कड्यावरच उतरणार की दरीत, आणि दरीत असेल तर आणायला गाडी कोण पाठवणार, हेही विचारा. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वॉकीटॉकी आहे का, हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बूट घोटा झाकणारे हवेत, पण लेस अडकवायचे धातूचे आकडे असलेले नकोत. त्यांत विंगच्या दोऱ्या अडकतात. ओढणी, स्कार्फ गाडीत ठेवा, केस बांधा, चष्म्याला दोरी लावा. सेल्फी स्टिक हातातून सुटली तर खालच्या माणसाच्या डोक्यात जाते. वजन खरं सांगा, पाच किलोही लपवू नका. वजन जास्त आणि वारा कमी असेल तर धाव पुरत नाही. उलट, हलकं मूल आणि वारा जास्त असेल तर विंगवर भार कमी पडतो, तिचा वेग घटतो आणि वाऱ्याला कापत पुढं जाता येत नाही. म्हणून ज्या हवेत वडील उडाले त्याच हवेत आठ वर्षांच्या पोराला नाही म्हटलं जाऊ शकतं. हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, पाठीची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर उडू नये. आदल्या रात्रीची दारू उतरलेली नसेल तरीही नाही.

कागदांचं थोडक्यात. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आहे. ते प्रमाणपत्र मागा. पायलटचं टँडमचं प्रशिक्षण वेगळं झालेलं हवं, एकट्यानं उडता येणं पुरेसं नाही. तुमच्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेत का, तेही घरूनच बघून निघा, कारण बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात.

आणि बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं करा, म्हणजे वारा नाही जमला तर दुसरी सकाळ हातात राहते. पूर्ण पैसे आधी देऊ नका. उड्डाण झालं नाही तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पायलटनं स्वतःहून "आज नाही" म्हटलं तर घासाघीस न करता त्याचा नंबर घेऊन ठेवा, आणि पुढच्या वेळी त्यालाच फोन करा.