उसनं सोनं, उसनी वाघनखं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाघनखांचा वाद मिटायचं नाव घेत नाही. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्राला दिली आणि ती आधी आमच्या साताऱ्यात आली. अर्धे म्हणतात महाराजांचीच, अर्धे म्हणतात पुरावा दाखवा. म्युझियम स्वतःच खात्री देत नाही. इथवर मी गप्प होते. परवा दादाने लिहिलं, "उसन्या वस्तूपुढे ढोल वाजवायला आपण काय आफ्रिकेतली टोळी आहोत?"

दादा, त्याच आफ्रिकेत, घानातल्या कुमासीत, असांते लोकांच्या राजधानीत, मी संसार केलाय. आता ऐकून घे.

त्याच वर्षी त्याच म्युझियमने आणि ब्रिटिश म्युझियमने मिळून असांते दरबाराच्या 32 वस्तू इथल्या मानहिया राजवाड्यात पाठवल्या. त्याही तीन वर्षांच्याच बोलीवर. कारण तिथला कायदा या म्युझियमना संग्रहातली वस्तू सहसा कायमची देऊ देत नाही. आपलंच सोनं आपल्याला उसनं, हा संताप इथेही आहे. केजेटियाच्या बाजारात कापड विकणाऱ्या बाईलाही तो आहे. पण बोलणी राजा ओसेई तुतू दुसरे यांनी स्वतः केली, आणि वस्तू कधी व कशी गेली हे इथे कुणी झाकत नाही.

ती कशी गेली ते माझ्या ओळखीच्या एका हॉटेलात जिन्याशेजारच्या भिंतीवर टांगलेलं आहे. त्या काळच्या लंडनच्या साप्ताहिकांत यायची तसल्या कोरीव चित्राची मोठी छापील प्रत. विषय 1874 चा, कुमासीचा राजवाडा. उंच उतरती गवताची छपरं, अंगणाकडे उघड्या खोल्या, भिंतीच्या खालच्या भागात वेटोळ्यांची उठावाची नक्षी, आणि मधोमध टोप घातलेले सोजीर, एकजण पेटाऱ्यावर पाय ठेवून. चित्रकाराने एकेक वेटोळं मन लावून काढलंय. कोपऱ्यातल्या असांते माणसांना मात्र चेहरे नाहीत. पाहुणे त्याच्यापुढे सेल्फी काढतात, मला ते बघवत नाही.

काळ्या शाईत रंगही गेलाय. तो बघायला कुमासीजवळच्या बेसेआसे गावातल्या जुन्या देवघरात जावं लागतं. भिंतीचा खालचा भाग लाल मातीने घोटून हात फिरवावासा वाटेल इतका गुळगुळीत केलेला, वरचा पांढरा. छपरावर आता पत्रे आहेत. अशा 10 इमारती उरल्या, त्या 1980 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. राजवाडा त्यांत नाही. त्या राजवाड्यातच 1822 मध्ये बांधून झालेला राजाचा दगडी वाडा होता. टाइम्सच्या बातमीदाराने आत अनेक भाषांतल्या पुस्तकांच्या रांगा, घड्याळं, काचसामान, गालिचे आणि चित्रं पाहिली. फेब्रुवारी 1874 मध्ये इंग्रज सेनापती वुल्झलीच्या फौजेने तो लुटला, सुरुंग लावून उडवला आणि शहर पेटवलं. वर 50,000 औंस सोन्याचा दंड बसवला. टोळी म्हणतोस ना? पुस्तकं कुणाच्या घरात होती आणि सुरुंग कुणाच्या हातात, ते बघ.

पुढे 1896 मध्ये राजा प्रेम्पेला पकडून नेलं, आधी सिएरा लिओनला, मग सेशेल्सला. 1924 मध्ये सोडलं, तेही एक खाजगी नागरिक म्हणून. पकडलं त्याच्या आदल्या वर्षी, 1895 मध्ये, त्याचे दूत लंडनला गेले होते, त्यांना सरकारने दारात उभं केलं नव्हतं. परतल्यावर इंग्रजांनी त्याला नवा वाडा बांधून दिला, 1925 मध्ये. तोच मानहिया. त्याची किंमत चुकती केल्याशिवाय प्रेम्पे आत राहायला गेला नाही. दादा, मिंधेपणाबद्दल या लोकांना शिकवायला जाऊ नकोस.

आता साताऱ्याचं बोलू. वाघनखांच्या पेटीवर लिहिलंय की पेशव्यांच्या प्रधानाने ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला दिली. दिली म्हणजे कशी दिली? पेशवाई 1818 ला बुडाल्यावर, इंग्रजाची छावणी दाराशी असताना? कॅलिफोर्नियाच्या फाउलर म्युझियमने 2024 मध्येच असांतेंना सात वस्तू कायमच्या परत केल्या. त्यांतल्या काही लुटीतल्या नव्हत्या, दंडापोटी 'दिलेल्या' होत्या. तरी परत केल्या. खरी की खोटी यावर घसा कोरडा करणाऱ्या आपल्या ग्रुपवर हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि प्रतापसिंह महाराजांचं नाव तर कुणी काढलंच नाही. ग्रँट डफ ज्यांच्या दरबारात बसला त्याच छत्रपतींना इंग्रजांनी 1839 मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं. ते तिथेच 1847 मध्ये वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनमध्ये दाद मागत हिंडले. प्रेम्पे निदान परत आला. मी साताऱ्यात राजवाड्याच्या स्टॉपवर रोज उतरायचे, शाळेत हे ओझरतं शिकले, आणि त्याचं दुःख मला झालं ते मानहियात प्रेम्पेच्या फोटोपुढे उभी असताना. हे मला फार लागलं.

इथे शनिवारी शेजारच्या अंत्यविधीला मी काळं-लाल कापड नेसून जाते, तरी पोरं मला ओब्रोनीच म्हणतात, म्हणजे परदेशी. घरी आले की मी 'आफ्रिकावाली'. पण प्रतापसिंहांचं दुःख मला कुमासीने समजावलं आणि कुमासीचं मला साताऱ्यामुळे उमगलं. त्यामुळे या वादात बोलायचा माझा हक्क तुझ्याइतकाच आहे, दादा.

पुरावा जरूर माग. त्याबरोबर एवढंही माग की वाघनखं जिथे जिथे ठेवतील तिथे शेजारी 1818 आणि 1839 मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. अर्ज मी लिहून पाठवते. पहिली सही तू कर.