‘एबलटनचे सगळे फोल्डर उडवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. “आत्या, पॅड दिसतायत, नावं दिसतायत, पण वाजत काहीच नाहीये गं.” तो ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवतो. ऑक्टोपॅडची मिडी केबल (कुठला पॅड किती जोरात वाजला ते कळवणारी) लॅपटॉपला, लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह हा संगीताचा प्रोग्राम, आणि त्यातल्या ड्रम रॅकमध्ये, म्हणजे पॅडांना आवाज जोडायच्या सोयीत, त्याने स्वतः रेकॉर्ड केलेली हलगी, संबळ, दिमडी. चार वर्षं खपून जमवलेलं. त्या दुपारी त्याने लाइव्ह ११ वरून १२ टाकलं, आणि टाकताना मोबाइलवर आलेला एक मेसेज समोर ठेवून त्यातली प्रत्येक ओळ इमानाने पाळली.

हा मेसेज वादकांच्या आणि साउंडवाल्यांच्या ग्रुपांतून फिरतोय. मला स्वतःला तीन जणांनी पाठवलाय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं. एक, नवीन व्हर्जन टाकण्याआधी जुनं काढा, दोन व्हर्जन एका मशीनवर नांदत नाहीत. दोन, कॉम्प्युटरवर एबलटन नावाचे जेवढे फोल्डर सापडतील तेवढे शिफ्ट दाबून डिलीट करा, लायब्ररी नव्याबरोबर परत येते. तीन, गाण्यांच्या एएलएस फाइली (लाइव्हमध्ये बांधलेलं गाणं, म्हणजे ‘सेट’, ज्यात सेव्ह होतो त्या) गुगल ड्राइव्हवर टाकल्या की बॅकअप झाला. चार, नवीन आल्यावर सगळे जुने सेट उघडून त्याच नावाने सेव्ह करा, नाहीतर पुढे उघडणार नाहीत. पाच, मिडी मॅपिंग (कुठल्या पॅडने किंवा बटणाने काय चालवायचं ती जोडणी) आणि प्लगइन (लाइव्हमध्ये जोडून वापरायची बाहेरची वाद्यं आणि इफेक्ट) आपोआप येतात.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण सगळं नुकसान तिथेच होतं.

“लायब्ररी परत येते” हे लिहिणाऱ्याला लाइव्हमध्ये दोन वेगळ्या लायब्ररी असतात हेच ठाऊक नाही. एक कोअर लायब्ररी. ती कंपनीने दिलेली, प्रोग्रामच्या पोटातच असते, आणि प्रोग्राम पुन्हा टाकला की खरंच परत येते. विकत घेतलेले किंवा फुकट मिळालेले पॅकही पुन्हा डाउनलोड होतात. दुसरी यूझर लायब्ररी. विंडोजवर ती डॉक्युमेंट्समध्ये एबलटन नावाच्या फोल्डरात असते, मॅकवर म्युझिकमधल्या एबलटन फोल्डरात. तुम्ही सेव्ह केलेले प्रीसेट (वाद्यांच्या तयार सेटिंग्ज), तुमचे रॅक, तुमचे टेम्प्लेट (नव्या सेटचे साचे), तिथे ठेवलेले तुमचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज), सगळं हिच्यात. ही जगात फक्त तुमच्याकडे असते. बर्लिनमधल्या कंपनीकडे तिची प्रत नाही. इन्स्टॉलर ती कुठून आणणार?

आणि मेसेजमधला सगळ्यात संतापजनक शब्द म्हणजे ते “शिफ्ट दाबून”. साधं डिलीट केलं असतं तर फोल्डर रीसायकल बिनमध्ये तरी सापडला असता. नुसतं अनइन्स्टॉल केलं असतं तरी यूझर लायब्ररीला धक्का लागला नसता, कारण अनइन्स्टॉलर तिला हात लावत नाही. म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःहून जे जपलं असतं, ते या मेसेजने माणसाच्या हाताने पुसायला लावलं.

काय गेलं ते सांगते. हलगी शेकोटीवर तापवली की कातडं ताणतं आणि आवाज कडक होतो, मग थंडीत हळूहळू उतरतो. भाच्याने तापवल्यावर लगेचचे ठोके आणि उतरलेले ठोके वेगवेगळे घेतले होते. जोराचा, मध्यम, हलका असे थर लावून ते एकाच पॅडवर बसवले होते, म्हणजे काठी जशी पडेल तशी हलगी बोलायची. संबळ आमच्याच घरच्या गोंधळाच्या वेळी, गोंधळी काकांना विचारून, एकेक ठोका सुटा वाजवून घेतलेला. मोठ्याचा घुमारा वेगळा, लहानाची टणक थाप वेगळी. एकूण बेचाळीस आवाज होते. हलगी पुन्हा घेता येईल, वाजवणारे शेजारच्याच गावात आहेत. संबळवाले काका मात्र गेल्या वर्षापासून वाजवत नाहीत, त्यांची बोटं आखडलीत.

अर्धवट खरं आहे तेवढं मान्य करते. लाइव्ह वारंवार बंद पडत असेल, उघडतच नसेल, तर प्रेफरन्सेस (लाइव्हच्या सेटिंग्जच्या फाइली) काढून नव्याने सुरू करणं हा उपाय एबलटनच्या मदत-पानांवर दिलेला आहे आणि तो लागूही पडतो. पण प्रेफरन्सेसचा फोल्डर वेगळा. विंडोजवर तो अ‍ॅपडेटा, रोमिंग, एबलटन असा आत जाऊन सापडतो, आणि प्रत्येक व्हर्जनचा स्वतंत्र असतो. हा उपाय बिघाडावरचा आहे. धडधाकट मशीनवर अपग्रेडच्या आधी तो कशाला करायचा? उलट नवीन व्हर्जन पहिल्यांदा उघडतं तेव्हा आधीच्या व्हर्जनच्या सेटिंग्ज उचलतं. त्याच तुम्ही आधी पुसल्यात तर ते उचलणार काय? ज्यांनी कंट्रोलरसाठी (लाइव्ह चालवायच्या बटणांच्या यंत्रासाठी) स्वतः यूझर रिमोट स्क्रिप्ट, म्हणजे जोडणीच्या सूचना, लिहिल्यात, त्यांच्या त्या स्क्रिप्टही याच फोल्डरात राहतात. त्यांचं तर दुहेरी नुकसान.

आता तिसरा मुद्दा, एएलएस म्हणजे बॅकअप. भाच्याने हेही केलं होतं, आणि त्याच भरवशावर फोल्डर उडवले होते. त्याच्या मुख्य सेटची फाइल सव्वादोनशे केबीची. साध्या सीडी दर्जाचा स्टिरिओ आवाज एका सेकंदाला जवळपास १७६ केबी जागा घेतो, मिनिटाला दहा एमबीच्या वर. म्हणजे त्या फाइलच्या आकारात सव्वा सेकंदाचा आवाज मावेल. बेचाळीस ठोके, थरांसकट, त्यात कुठे असतील?

फाइलच्या आत काय असतं ते त्या रात्री त्याला उघडूनच दाखवलं. एएलएस ही जीझिप केलेली (दाबून लहान केलेली) एक्सएमएल, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल आहे. प्रत करायची, शेवटचं नाव बदलून जीझेड करायचं, सेव्हन-झिपने सोडवायची, नोटपॅडमध्ये उघडायची. वरच्याच ओळीत क्रिएटर म्हणून एबलटन लाइव्ह ११ असं व्हर्जन लिहिलेलं. खाली ट्रॅक, व्हॉल्यूम, मॅपिंग, आणि प्रत्येक सॅम्पलपाशी एक पत्ता: सी ड्राइव्ह, यूझर्स, त्याचं नाव, डॉक्युमेंट्स, एबलटन, यूझर लायब्ररी, सॅम्पल्स, संबळ_मोठा_०३. पत्ता होता, त्या पत्त्यावरचं घर पाडलेलं होतं. लाइव्ह उघडल्यावर खालच्या पट्टीत मीडिया फाइली सापडत नाहीत असा इशारा येतो तो याचसाठी. निदान या पत्त्यांवरून काय काय गेलं त्याची यादी तरी झाली.

लाइव्हच्या मॅन्युअलमध्ये फाइली आणि सेट सांभाळण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं एक वाचलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही बाहेरून ओढून आणलेला सॅम्पल लाइव्ह आपण होऊन प्रोजेक्टमध्ये (सेटच्या फोल्डरात) उचलून ठेवत नाही, तो जिथे आहे तिथूनच वाजवतं. सोबत न्यायचा असेल तर फाइल मेनूतलं ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ वापरायचं. त्यात कुठकुठल्या फाइली गोळा करायच्या ते विचारतात, तिथे यूझर लायब्ररीपुढे होय करायचं. मग अख्खा प्रोजेक्ट फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. सुटी एएलएस नव्हे, अख्खा फोल्डर. प्लगइन मात्र यात येत नाहीत, म्हणून प्लगइनवरचे ट्रॅक फ्रीझ करून (त्यांचा तयार आवाज साठवून) ठेवावेत, प्लगइन नसलं तरी वाजतात.

चौथा मुद्दा सरळ उलटा आहे. लाइव्ह १२ जुने सेट उघडतं, त्यासाठी आज सगळे उघडून ठेवायची काही गरज नाही. उघडत नाही ते दुसऱ्या दिशेने: १२ मध्ये सेव्ह केलेला सेट ११ मध्ये उघडत नाही. म्हणजे मेसेज ऐकून सगळ्या गाण्यांवर त्याच नावाने सेव्ह मारलं, की परतीची वाट तुम्हीच बंद केलीत. सेव्ह अ‍ॅज करा, नावात १२ घाला. ज्यांनी आधीच मारलंय त्यांनी प्रोजेक्टमधला बॅकअप नावाचा फोल्डर बघा, मागचे दहा सेव्ह तारखेनिशी त्यात असतात. पण पुन्हा पुन्हा सेव्ह करत राहिलात तर तेही नव्याने भरून जातील. आणखी एक. जुना सेट उघडल्यावर काही इफेक्टांच्या माथ्यावर अपग्रेडचं बटण दिसतं. ते दाबेपर्यंत जुना आवाज तसाच राहतो. दाबलं तर सेटचा आवाज बदलू शकतो, हे मॅन्युअलमध्येच लिहिलंय. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हौसेने दाबत सुटू नका.

पहिला मुद्दा, दोन व्हर्जन नांदत नाहीत. नांदतात. माझ्या मशीनवर ११ आणि १२ दोन्ही आहेत, १२ मार्च २०२४ मध्ये आलं तेव्हापासून. यातही रतीभर खरं आहे ते सांगते: दोन्ही व्हर्जन एकच यूझर लायब्ररी वापरतात, त्यामुळे १२ मध्ये सेव्ह केलेला रॅक ११ च्या ब्राउझरमध्ये (लाइव्हमधल्या आवाज-फाइलींच्या यादीत) दिसतो पण चालत नाही. यावर उपाय सोपा आहे, अपग्रेडच्या आधी यूझर लायब्ररीची पूर्ण प्रत काढून ठेवायची. जुनं व्हर्जन काढायचं कारण यात कुठेच नाही.

पाचवा मुद्दा. मिडी मॅपिंग सेटमध्ये सेव्ह होतं, प्रोग्राममध्ये नाही. सेट किंवा टेम्प्लेट जपलंत तर मॅपिंग जपलं, बाकी “आपोआप” काही नाही. प्लगइन लाइव्हच्या बाहेर बसवलेली असतात म्हणून बहुतेक वेळा ती दिसतात, हे बरोबर. पण लाइव्ह १० पासून, म्हणजे २०१८ पासून, ३२ बिटची प्लगइन चालत नाहीत. कोणी अजून ९ वर असेल आणि जुन्या ३२ बिट सिंथवर (इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या प्लगइनवर) गाणी बांधली असतील, तर ९ मध्येच त्या ट्रॅकचा ऑडिओ काढून घ्या, मग पुढे सरका.

आणि गणपती-नवरात्राच्या तोंडावर अपग्रेड करूच नका. भाच्याचा ऑर्केस्ट्राचा लॅपटॉप आता पुन्हा ११ वर आहे आणि सुपाऱ्या संपेपर्यंत ११ वरच राहील.

ज्यांनी हा मेसेज आधीच पाळलाय त्यांच्यासाठी: त्या डिस्कवर नवीन काही डाउनलोड करू नका, इन्स्टॉल करू नका, मशीन बंद ठेवा आणि डेटा काढणाऱ्या माणसाकडे न्या. एसएसडी असेल तर आशा कमी, तरी विचारा. मग आठवा, आपण कधी कोणाला अख्खा प्रोजेक्ट दिला होता का. मागे एकदा भाचा आजारी होता तेव्हा मिरजेच्या एका मित्राने त्याच्या जागी वाजवलं होतं, आणि त्याच्यासाठी एका गाण्याचा प्रोजेक्ट कलेक्ट करून पेन ड्राइव्हवर दिला होता. सोमवारी सकाळी तो मित्र ड्राइव्ह घेऊन आला. बेचाळीसपैकी अकरा आवाज त्यात निघाले, त्यातले चार संबळाचे.