थंडीतल्या कबुतरांबद्दल फिरणारा मेसेज : थोडा खुलासा

‘थंडीत कबुतरांना फक्त बाजरी द्या, पाण्यात झाकणभर रम टाका, ढाबळ (कबुतरांचं खुराडं) ताडपत्रीने हवाबंद करा,’ असा मेसेज परभणी-जालन्याकडच्या कबुतरवाल्यांत फिरतोय.

बाजरी चांगलीच, पण एकटी पुरत नाही. तिच्यासोबत मका, ज्वारी, वाटाणा-मसूर आणि मूठभर करडई द्या. आपल्याकडे करडईला काय तोटा! ती तेलकट, म्हणून ऊब देते. मात्र जास्त झाली तर चरबी चढते. एका कबुतराला दिवसाला साधारण 30 ते 40 ग्रॅम दाणे लागतात, थंडीत थोडे जास्त. मका संध्याकाळी टाका, रात्रभर पोटाला आधार राहतो.

रम अजिबात नको. दारूने अंगातली उष्णता उलट बाहेर जाते आणि पाखराला ती विषच. सकाळी कोमट पाणी पुरे.

हवाबंद ढाबळ तर सगळ्यात वाईट. कबुतराच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. कोरडी थंडी ते सोसतं. ओल आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया मात्र छातीला धरतो. वाऱ्याची बाजू झाका, वरची फट उघडी ठेवा. लक्का जातीच्या कबुतराची पिसारेदार शेपटी भिजली तर लवकर वाळत नाही, म्हणून त्याला आंघोळ उन्हातच.