भेंडीचं पाणी नुसतं दाट नसतं

लवचीक द्रवांवरचा (म्हणजे ताणले की रबरासारखे मागे ओढणाऱ्या द्रवांवरचा) लेख आवडला, पण त्यातलं ‘लवचीक द्रव म्हणजे जरा दाट पाणी’ हे वाक्य खटकलं. साध्या पाण्यात गोल दांडा भराभर मागेपुढे हलवला की त्याच्याभोवती चार बाजूंना संथ भोवरे फिरू लागतात. पाणी नुसतं दाट केलं तर त्यांचा आकार बदलतो, एवढंच. पण पॉलिमर (लांब साखळ्यांसारखे रेणू असलेला पदार्थ) थोडंसं मिसळलं, तर हेच भोवरे चक्क उलटे फिरू शकतात! १९७० च्या दशकातच प्रयोगात दिसलंय हे. ताणलेल्या साखळ्या रबरासारख्या मागे ओढतात, तेही क्षणभर उशिरा. दाटपणाला अशी आठवण कुठली? भेंडी भिजवलेलं पाणीही असंच लवचीक; चमच्याने उचलून बघा. तार तुटली की टोक वर आखडतं. साखरेचा पाक नुसता दाट असतो; म्हणूनच भेंडीच्या पाण्याची त्याच्याशी केलेली तुलना (पुन्हा लेखातलीच) पटली नाही.