खुलासा : बिली बीन मैदानावर उतरले होते, पण वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकून दिलेली नाही

‘बॅट कधी हातात न धरलेल्या बिली बीन यांनी नुसत्या आकडेमोडीवर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सला २००२ ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. बीन हे अमेरिकेतल्या या बेसबॉल संघाचे माजी जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडून संघ बांधणारे; आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे तिथल्या मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची अंतिम मालिका. मजकुरातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

बीन व्यावसायिक खेळाडू होते. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्यांना ड्राफ्टच्या (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीच्या) पहिल्याच फेरीत निवडलं. १९८४ ते १९८९ या काळात ते मेट्स, मिनेसोटा, डेट्रॉइट आणि ओकलंडकडून १४८ मेजर लीग सामने खेळले. फलंदाजीची सरासरी जेमतेम .२१९, म्हणजे हजार संधींत साधारण २१९ यशस्वी फटके. १९९० मध्ये खेळणं सोडून ते ओकलंडचे स्काउट (खेळाडू हेरणारे) झाले, १९९७ मध्ये जनरल मॅनेजर. त्यांचं अपयश पुसून टाकणं मला फार खटकतं. अंगकाठी पाहून खेळाडू निवडण्याचा फोलपणा त्यांनी स्वतः भोगला होता.

२००२ मध्ये ओकलंडने सलग २० सामने जिंकले आणि एकूण १०३. पगारावर कितीतरी पट खर्च करणाऱ्या यँकीजनीही तेवढेच जिंकले होते! पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाने ओकलंडला ३-२ असं हरवलं. विजेतेपद अनाहाइम एंजल्सकडे गेलं. बीन यांच्या काळात ओकलंड वर्ल्ड सिरीजपर्यंत कधीच पोहोचलं नाही.

शिवाय या आकडेमोडीतल्या ऑन-बेस टक्केवारीला, म्हणजे फलंदाज बाद न होता किती वेळा बेसवर पोहोचतो या आकड्याला, महत्त्व देण्याची सुरुवात ओकलंडमध्ये त्यांच्याआधीचे जनरल मॅनेजर सँडी अल्डरसन यांनी केली होती. ते श्रेय त्यांनाही मिळायला हवं.