बोट तुटलं नाही, म्हणून पैसे नाहीत

थोडं मोठं लिहितोय, पण हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं ही विनंती.

गेल्या वर्षी नाशिकला गंगापूर रोडच्या एका साइटवर कटरवर पट्टी चिरत होतो. लाकडात गाठ होती. पातं अडकलं, पट्टी उडाली आणि उजवा हात पुढे गेला. बोटं जागेवर राहिली, पण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आतल्या शिरा तुटल्या. डॉक्टर त्यांना टेंडन म्हणाले, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या. ऑपरेशन करून शिवल्या आणि म्हणाले, "मिस्त्री, तीन महिने जड काम नाही. घाई केलीत तर शिवलेलं परत तुटेल."

बावीस वर्षं सुतारकाम करतोय, पण तीन महिने सलग घरी कधीच बसलो नव्हतो. शर्टाची बटणं बायको लावायची. फिजिओथेरपीत ताटातले राजमे एकेक करून वाटीत टाकायला सांगत. पहिल्या आठवड्यात एक राजमा उचलायला मला मिनिट लागायचं. ज्या हाताने रंधा मारला की कागदासारखा छिलका निघायचा, त्या हाताला राजमा धरवत नव्हता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ऑपरेशनचं बिल मेडिक्लेममधून गेलं. म्हणजे ते पैसे हॉस्पिटलला मिळाले. गाळ्याचं भाडं, पोरीच्या क्लासची फी, किराणा तसाच राहिला. किचन ट्रॉलीचं एक काम हातात होतं, त्याची घेतलेली उचल परत करावी लागली.

मग बँकेतल्या 20 रुपयांच्या विम्याची आठवण झाली, पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. 2015 ला सुरू झाली तेव्हा हप्ता 12 रुपये होता, 2022 पासून 20 झाला. योजना चांगलीच आहे, सगळ्यांनी घ्यावी. पण त्यात अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही हात निकामी झाले तर 2 लाख, एक हात पूर्ण निकामी झाला तर 1 लाख. बोटाला त्यात काहीच नाही, घरी बसलेल्या दिवसांनाही नाही.

एका एजंटाकडून वैयक्तिक अपघात पॉलिसीही घेतलेली होती. कागद काढून बघितले तर आठवड्याच्या भरपाईचं कलम घेतलेलंच नव्हतं, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'दुकानदार' लिहिलेलं. हप्ता कमी दिसावा म्हणून. मी न वाचता सही केली होती. ऑफिसातला माणूस शांतपणे म्हणाला, बोट तुटलेलं नाही, त्यामुळे यात काही बसत नाही.

आपल्या लोकांना हेच कोणी सांगत नाही. सुताराचा, वेल्डरचा, प्रेसवरच्या माणसाचा संसार बहुतेक वेळा बोट गेल्याने बुडत नाही, हात बांधून बसलेल्या आठवड्यांनी बुडतो. ज्याचं हातावर पोट आहे त्याने विमा घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: मी घरी बसलो तर आठवड्याला किती देणार? पॉलिसीत याला तात्पुरतं पूर्ण अपंगत्व म्हणतात. काही पॉलिसींत आठवड्याला विमा रकमेच्या 1 टक्का मिळतो, त्यालाही वरची मर्यादा असते. 'सरल सुरक्षा विमा' म्हणून 2021 पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी एकसारखी पॉलिसी आहे, त्यात हे कलम ऐच्छिक आहे आणि आठवड्याला 0.2 टक्के मिळतात. म्हणजे 10 लाखांवर 2 हजार. फरक बघा.

दुसरं म्हणजे बोटांचा तक्ता. जुन्या पद्धतीच्या पॉलिसींत अंगठा पूर्ण गेला तर विमा रकमेच्या 25 टक्के, तर्जनी 10, करंगळी 4 असं असतं. सही करण्याआधी तो मागून घ्या. आणि व्यवसाय खरा लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. खोटा लिहिला की क्लेमच्या वेळी नेमकं त्याच्याकडेच बोट दाखवतात.

सातपूर-अंबडला कंपनीत आहेत आणि ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापला जातो त्यांचं जरा बरं आहे. पगारातून पाऊण टक्का जातो, पण कामावर दुखापत झाली तर घरी असताना पगाराच्या 90 टक्के मिळतात. फक्त अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. "आधी दवाखान्यात जा, कागद नंतर बघू" असं सुपरवायझर म्हणाला तर सोबतच्या माणसाने तिथेच थांबून नोंद करून घ्यावी.

आणि आपण छोटे मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली एक-दोन पोरं आहेत, त्यांनी हेही लक्षात ठेवावं की पोराचा हात गेला तर मालक म्हणून जबाबदारी आपली. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटाबोटाचा हिशोब दिला होता, कोणतं बोट गेलं तर कमाईची ताकद किती गेली धरायची: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं 12, करंगळी 7. बोट जागेवर असून कायमचं निकामी झालं तरी ते गेल्यासारखंच धरायचं, हेही त्यात होतं. ज्याने हे लिहिलं त्याला हाताची किंमत कळत होती.

या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर माझ्या हेल्परला गाळ्यातच बसवून त्याच्या अपघात विम्याचा फॉर्म भरला. व्यवसायात मी स्वतः लिहिलं: सुतारकाम, कटर मशीनवर. त्याचं बँकेचं पासबुकही बघितलं. मेअखेरीस खात्यात पैसे नव्हते, त्यामुळे 20 रुपये कापलेच गेले नव्हते आणि त्याला वाटत होतं विमा चालू आहे. तुमचंही एकदा बघा.

नाशिकमध्ये कोणाला आठवड्याची भरपाई प्रत्यक्ष हातात पडली असेल तर खाली लिहा. कोणते कागद मागितले, किती दिवस लागले, तेवढं सांगा. मी गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवणार आहे.